मायनरच्या रिंगा आणि निजामाच्या भुवया

परभणी, नांदेड, जालना या पट्ट्यात ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. हेडलाईटवर बसवायच्या क्रोमच्या भुवया, जाळ्या, रिंगा घेऊन एक माणूस सध्या गावोगाव फिरतोय. गोड बोलतो, 'काका, काका' करतो, बोनेटला हात लावून तो कपाळाला नेतो. माल विकायला आलोय म्हणतो. खरं तर तो न्यायला आलेला असतो.

भुवई म्हणजे हेडलाईटच्या वरच्या अंगाला टोपीच्या झापेसारखा पुढं आलेला चकचकीत पत्रा. इंग्लंडमध्ये पन्नास-साठच्या दशकांत हौशी लोक असल्या वस्तू दुकानातून आणून गाडीला लावायचे. उपयोग जवळजवळ शून्य, निव्वळ नटणं. पण गोल दिव्यांच्या गाडीला त्या शोभतात, हे मान्य करावंच लागेल. त्यांची बसवण्याची रीत मात्र नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथंच आहे. भुवईच्या मागच्या कडेला पातळ ओठ असतो. तो हेडलाईटच्या रिंगेखाली सरकवायचा आणि वरून रिंग आवळायची. म्हणजे भुवई लावायची तर आधी रिंग काढावी लागते. रिंग एकदा त्याच्या हातात गेली की त्याचा खरा धंदा सुरू होतो.

आमची गाडी मॉरिस मायनर, 1955 सालची, समोरची काच दोन तुकड्यांची. आजोबा वकील होते. परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात होती, त्यामुळं गाडी हैदराबादहूनच आली. हेडलाईटच्या दोन्ही रिंगा पहिल्यापासूनच्या, पितळेच्या, वर क्रोम. सत्तर वर्षांत क्रोम जागोजाग उडालं होतं आणि खालचं पितळ दिसत होतं. कुठं पिवळं, कुठं ओल लागून हिरवट. एका रिंगेला खालच्या स्क्रूच्या भोकाजवळ चीर गेली होती. ती आजोबांनी कधीतरी तांबटाकडून डाग देऊन, म्हणजे झाळून, भरून घेतली होती. डागाचा तो ठिपका बोटाला लागायचा.

हा माणूस व्हॉट्सॲपवरच्या जुन्या गाड्यांच्या एका ग्रुपमधून आला. आधी गाडीचे फोटो मागितले, त्यातही 'हेडलाईट जवळून दाखवा' म्हणाला. मग एका रविवारी स्वतःच हजर. चहा घेतला, गाडीभोवती फेरी मारली आणि रिंगेवर नख फिरवून म्हणाला, "काका, गाडी लाखात एक आहे. पण या गंजक्या रिंगांनी चेहरा पार गेलाय बघा."

खरं म्हणजे लोखंड तांबडं गंजतं, पितळ हिरवं पडतं. हिरव्या डागाला गंज म्हणणारा एक तर अडाणी असतो किंवा फार हुशार.

मग त्यानं 'व्हीए' नंबरचा विषय काढला. 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. नियम खरा आहे. त्यावरून त्यानं काढलेला अर्थ मात्र त्याच्या खिशातला होता. "मूळ रूप म्हणजे गाडी शोरूममधून निघाली तशी चकाचक लागते. असल्या रिंगा बघून साहेब फाईलच परत करतील." आहे ते मूळ काढून नवं बसवायचं, म्हणजे मूळ रूप! ऐकताना हे इतकं सरळ वाटतं की विचारू नका.

पेटीतून त्यानं भुवयांचा जोड आणि नव्या रिंगांचा जोड काढला. पिवळट पडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत तेलकट कागद. मुंबईतल्या एका बंद पडलेल्या दुकानाचा 1962 चा न विकलेला माल म्हणून रिंगा दाखवल्या. भुवयांची गोष्ट त्याहून भारी होती. निजामाच्या राजवटीतल्या एका जहागीरदाराच्या मायनरवर म्हणे त्या होत्या. आपल्याकडं निजामाचं नाव घेतलं की तांब्याच्या लोट्यालाही भाव येतो, हे त्याला पक्कं ठाऊक. अकरा हजार सांगितले. जुन्या रिंगा दिल्या तर दीड हजार कमी. "तशाही भंगारातच जाणार त्या, काका." निम्मे पैसे रोख, निम्मे मोबाईलवरून. पावती नाही. भुवया त्यानं स्वतःच बसवल्या. जुन्या रिंगा मऊ फडक्यात गुंडाळून बॅगेत ठेवल्या. भंगार कुणी फडक्यात गुंडाळतं का हो?

पावसाळा लागला आणि माल बोलायला लागला. भुवईचा ओठ हवा त्यापेक्षा जाड होता, वर तो रिव्हेट मारून जोडलेला. त्यामुळं रिंग नीट दबून बसलीच नव्हती. फटीतून पाणी आत गेलं आणि एका दिव्याच्या रिफ्लेक्टरची चांदी उडाली. रिंगेच्या कडेला फोड आले, फोडांतून तांबडे ओघळ खालच्या रंगावर उतरले. आमच्या मिस्त्रीचाचांनी स्पीकरमधला जुना चुंबक आणून रिंगेजवळ नुसता धरला. टक्कन चिकटला. "साहेब, हा पत्रा आहे. तुमच्या जुन्या कुठायत?" चाचांना नव्या रिंगांचं काही वाटलंच नाही. जुन्या गेल्या म्हटल्यावर ते खाली बसले.

मग खोका नीट पाहिला. झाकणावर दुकानाचा पत्ता छापलेला, शेवटी बॉम्बे आणि पुढं सहा आकडी पिनकोड. पिनकोड आपल्याकडं सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला. त्याआधी 'बॉम्बे 4', 'बॉम्बे 7' असं लिहायचे. आजोबांच्या पत्रांवर अजून बघायला मिळतं. म्हणजे 1962 च्या खोक्यावर दहा वर्षं पुढचा पिन. खोक्याचा पिवळेपणाही चहाच्या पाण्याचा असावा, कारण आतल्या बाजूनं पुठ्ठा पांढराफेक होता.

निजामाची थाप तर अजून सोपी. निजामाची राजवट संपली 17 सप्टेंबर 1948 ला, शाळेतल्या पोरालाही ही तारीख पाठ असते, झेंडावंदनाला जातात ना. मॉरिस मायनर लोकांना पहिल्यांदा दिसली ती त्यानंतर, 1948 च्याच ऑक्टोबरात, लंडनच्या मोटार प्रदर्शनात. राजवट गेली तेव्हा गाडी बाजारात आलेलीच नव्हती, तर जहागीरदारानं भुवया लावल्या कशावर? शिवाय सुरुवातीच्या मायनरचे दिवे खाली जाळीच्या शेजारी होते. वर मडगार्डमध्ये ते नंतर आले.

इथवर हे नेहमीचं डुप्लिकेट मालाचं प्रकरण वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पुढं नांदेडच्या एका मित्रानं विक्रीच्या एका जाहिरातीचा फोटो पाठवला. 'मॉरिस मायनर, ओरिजनल पितळी रिंगा, हैदराबाद संस्थानातली गाडी, एकाच घरातल्या, हात न लावलेल्या.' किंमत 22,000. फोटो मोठा करून पाहिला तर स्क्रूच्या भोकाजवळ आजोबांचा डाग. जी वस्तू माझ्या अंगणात गंजकी होती ती तिकडं 'हात न लावलेली' झाली. मित्रानं गिऱ्हाईक होऊन फोन केला तेव्हा हाच आवाज, नाव दुसरं. मी फोन केला तर आधी "काका, रागावू नका, परत करतो" आणि संध्याकाळपर्यंत नंबर बंद.

साडेनऊ हजार हा त्याच्या दृष्टीनं वरखर्च. त्याला मूळ पितळी रिंगा हव्या होत्या, आणि त्या नेण्यासाठी त्यानं माझ्याकडूनच पैसे घेतले.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. लोक अजून चारशेवीस म्हणतात, पण 1 जुलै 2024 पासून फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत 318 आहे. मोबाईलवरून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाईनवर लगेच फोन करावा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकलेले असतात. ठाण्यात पहिला प्रश्न आला, "रिंगा तुमच्याच कशावरून?" सुदैवानं एका लग्नातल्या फोटोत गाडी अगदी समोरून आली होती, त्यात डाग दिसतो. तुमच्या गाडीचे असे फोटो आजच काढून ठेवा. रिंगा, मोनोग्राम, हबकॅप, दिव्याच्या काचेवरची अक्षरं, सगळं जवळून.

माल तपासायचा तर चुंबक खिशात असू द्या, पण त्याच्यावरच विसंबू नका. पितळेला तो चिकटत नाही हे खरं, पण जस्ताच्या ओतीव मालालाही चिकटत नाही. आतल्या बाजूला, जिथं क्रोम नीट चढत नाही, तिथं बारीक कानशीनं एक रेघ मारा. पिवळी उमटली तर पितळ, राखाडी उमटली तर दुसरं काहीतरी. विकणारा रेघ मारू देत नसेल तर चहा पाजून वाटेला लावा. जुन्या रिंगांचं क्रोम उडालं असेल तर त्या फेकू नका, तेच पितळ घासून पुन्हा निकेल आणि वर क्रोम चढवता येतं. काम तुमच्या डोळ्यांसमोर नसेल तर आतून खूण कोरून द्या, कारण माल बदलण्याची कला प्लेटिंगवाल्यांकडंही आहे.

त्याच्या पेटीत आणखी पण होतं. '71 च्या ब्लॅकआऊटचे हूड' म्हणून पत्र्याच्या काळ्या टोप्या होत्या. त्या काळात लोक दिव्याचा वरचा अर्धा भाग काळा रंगवायचे हे खरं, पण त्याच्या टोप्यांना वेल्डिंगचा ताजा वास येत होता. प्लॅस्टिकच्या पापण्या मिळतात दोनशे-तीनशेला, त्या मला आवडत नाहीत, पण निदान त्या स्वतःविषयी खोटं सांगत नाहीत.

आता तो लातूरकडं ॲम्बेसेडरवाल्यांना फोन करतोय असं कळलंय. तिथं भुवयांऐवजी जाळी दाखवतो आणि बदल्यात जुनी ग्रिल मागतो. माझ्या रिंगा कुठं दिसल्या तर ओळख सोपी आहे. डाव्या रिंगेला खालच्या भोकाच्या उजवीकडं ज्वारीच्या दाण्याएवढा डाग, आणि दोन्हींच्या आतल्या कडेला जुन्या हिरव्या रंगाची पुसट रेघ. कुणी विकायला आणल्या तर भाव करत बसवून ठेवा आणि मला कळवा.