कुळागरांच्या सर्व्हेत 8 महिने चॉइस फिल्टर वापरला, त्याचा अनुभव

आम्ही गोव्यातल्या कुळागरवाल्यांचा (कुळागर म्हणजे सुपारी, नारळ, मिरी अशी मिश्र बाग) सर्व्हे करतोय त्याला आता 8 महिने होत आले आणि तो सगळा एक्सएलएसफॉर्मवर चाललाय. म्हणजे एक्सेलच्या एका शीटमध्ये प्रश्न लिहायचे, दुसऱ्या शीटमध्ये उत्तरांचे पर्याय, फाईल अपलोड केली की मोबाईलवर फॉर्म येतो. ओडीके असो की कोबोटूलबॉक्स, मोबाईलवर सर्व्हे घ्यायच्या ह्या दोन्ही साधनांत पद्धत हीच. मी फक्त त्यातल्या चॉइस फिल्टर ह्या एका कॉलमबद्दल लिहितेय, म्हणजे माणसाने आधी काय उत्तर दिलं ते बघून पुढच्या प्रश्नाचे पर्याय कमी करणं.

आधी आम्ही कागदावर करायचो. वाळपईच्या बाजूला एका आजोबांना पिकं विचारली, माडी (म्हणजे सुपारी) नि मिरी म्हणाले, आणि पुढच्या पानावर आम्ही परत नारळ, काजू, अननस सगळं वाचत बसलो. आजोबा म्हणाले, "काजू म्हजे नात म्हूण सांगलें न्ही गो बाय, मागीर परत कित्याक विचारता?" खरंच लाज वाटली मला. माणूस काम सोडून आपल्यासाठी बसलाय नि आपण त्याचं बोलणं ऐकलंच नाही असं त्याला वाटतंय.

सगळ्यात सोपा भाग तालुका नि गावाचा. गोव्यात 12 तालुके, पंचायतीच 191, एवढी यादी मोबाईलवर सरकवत कोण बसणार. गूगल फॉर्ममध्ये हे करायचं तर प्रत्येक तालुक्याला वेगळा सेक्शन करून उडी मारावी लागते, इथे पर्यायांच्या शीटमध्ये एक तालुक्याचा कॉलम वाढवला की झालं. पण तो कॉलम अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे हां. आमच्या यादीत सासष्टीचं इंग्रजी स्पेलिंग काही ठिकाणी एक टी नि काही ठिकाणी दोन टी असं आलं होतं, त्यामुळे अर्धी गावं दिसायचीच नाहीत आणि एरर वगैरे काही येत नाही, गावं नुसती गायब. दुसरं म्हणजे नागवे बार्देशातही आहे नि सासष्टीतही, एकाच यादीत एकच कोड (पर्यायाचं डेटात साठणारं छोटं नाव) दोनदा आला तर फॉर्म अपलोडच होत नाही. सेटिंग्जमध्ये डुप्लिकेट चालू करता येतात, पण मी कोडच्या आधी तालुक्याचं नाव जोडलं, कारण नंतर डेटा बघताना हे नागवे कुठलं ते कोडवरूनच कळतं.

खरी मजा पुढे आहे. "कोणती पिकं घेता" ह्यात चार निवडली की "जास्त पैसे कशातून येतात" ह्यात तीच चार दिसतात. आणि इथेच मी मोठी चूक केली. फिल्टरमध्ये मी सरळ बरोबरचं (=) चिन्ह टाकलं, घरी एकच पीक निवडून टेस्ट केलं, बरोबर चाललं. सांग्यात नेत्रावळीकडे पहिल्याच बाईंनी माडी, केळी, मिरी सांगितलं आणि पुढची यादी कोरी! अनेक उत्तरांचा प्रश्न असला की सगळे कोड मध्ये स्पेस देऊन एका ओळीत साठतात, मग एकेकट्या पिकाचा कोड त्या अख्ख्या ओळीबरोबर कसा जुळणार, तिथे त्या ओळीत हा कोड आहे का ते बघणारं सिलेक्टेड हे फंक्शनच वापरावं लागतं. त्यात तो प्रश्न मी सक्तीचा केलेला, म्हणजे उत्तर द्यायला पर्याय नाही नि पुढे सरकता पण येत नाही. ऑफलाइन भरता येतं हा ह्या ॲपचा मोठा आधार, पण सुधारलेला फॉर्म परत उतरवायला नेटवर्क लागतंच, रिवणापर्यंत मागे यावं लागलं आणि त्या बाईंचा वेळ फुकट गेला ह्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी एक, दोन नि सगळी पिकं असं तिन्ही प्रकारे टेस्ट केल्याशिवाय फॉर्म कोणाला देत नाही.

एकच पीक असेल तर "जास्त कशातून" विचारण्यात अर्थ नाही, म्हणून निवडलेल्या पिकांची मोजणी एकापेक्षा जास्त असेल तरच तो प्रश्न दाखवते. मात्र अशा लोकांचं उत्तर डेटात रिकामं राहतं, ते कॅल्क्युलेटने (आधीच्या उत्तरावरून आपोआप भरणाऱ्या ओळीने) भरून घ्या, नाहीतर शेवटी बेरीज चुकते.

"इतर" ने जास्त त्रास दिला. आपोआप इतर जोडणारी जी सोय आहे ती चॉइस फिल्टरबरोबर चालत नाही, मग इतर हा पर्याय स्वतः लिहायचा नि खाली टाइप करायला वेगळा प्रश्न. कोणी भिरंड (कोकम) लिहिलं तर पुढच्या यादीत नुसतं "इतर" दिसायचं. मग कळलं की पर्यायाच्या लेबलमध्ये आधीच्या उत्तराचा संदर्भ टाकता येतो, त्यासाठी दुसरी यादी वेगळी केली (कोड मात्र तेच ठेवायचे), आता तिथे "भिरंड" असंच येतं. ज्यांनी लिहून दिलं त्यांचं पीक त्यांच्याच नावाने दिसतं हे मला फार आवडलं.

मराठी नि कोंकणी लेबलं शेजारी शेजारी दोन कॉलममध्ये ठेवलीत, कोड एकच असल्यामुळे कुठल्याही भाषेत भरलं तरी फिल्टर बिघडत नाही.

आता जातींचा प्रश्न करतेय, आंबा असेल तर मानकुराद, मुसराद, हिलारियो, केळी असेल तर साळदाटी, रसबाळी असं. कोणाकडे गावांची देवनागरी नावं तालुक्यावार तपासलेली असतील तर प्लीज सांगा, काणकोण नि धारबांदोड्याची माझी यादी अजून अर्धीच आहे.