झेरोग्राफिका की आयोनान्था? जळगावच्या उन्हात कोणती लावावी

टिलँडशिया म्हणजे एअर प्लांट; त्याच्या या दोन्ही जातींना माती लागत नाही. पानांवरचे रुपेरी खवलेच पाणी शोषतात. आयोनान्था मुठीत मावते, फुलताना लालबुंद होते, पिल्लंही (बुडाशी फुटणारी नवी रोपं) धरते. पण भुसावळ-जळगावची मे महिन्यातली झळ लागली की टोकं करपतात, सारखी बुडवत बसावी लागते. मेक्सिको-ग्वाटेमालाकडची झेरोग्राफिका कोरडी हवा सोसते, मात्र वाढ कासवाच्या चालीने; फुलायला कित्येक वर्षं. भिजवली की उलटी धरून झटका, बेचक्यात पाणी साचलं तर गाभा कुजतो. कूलरच्या ओल्या झोतासमोर तर ती नकोच. महाग पडते, तरी मी झेरोग्राफिकाच घेईन. बोअरचं क्षाराचं पाणी दोघींनाही मानवत नाही. पावसाचं भरून ठेवा.