ऑक्सिजन सेन्सर बदलायचा: घरी, गॅरेजमध्ये की सर्व्हिस सेंटरमध्ये?

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला, की गाडीमालकापुढे तीन पर्याय असतात: सुटा भाग मागवून घरी बदलणे, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे देणे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेणे. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरच गाठावे. पुढचा विचार वॉरंटी संपलेल्यांसाठी आहे, आणि त्यांनी निर्णय संपूर्ण कामाचा एकत्र न घेता कोणता सेन्सर गेला आहे हे पाहून घ्यावा, असे माझे मत आहे.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांमध्ये दोन सेन्सर असतात. पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या) आधी बसतो आणि जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला सांगतो, त्यावरून इंधनाचे प्रमाण क्षणोक्षणी बदलले जाते. दुसरा कन्व्हर्टरच्या नंतर बसतो आणि कन्व्हर्टर काम करतो आहे की नाही यावर लक्ष ठेवतो. म्हणून पहिला बिघडला की मायलेज, पिकअप आणि पीयूसी या तिन्हींवर परिणाम होऊ शकतो, तर दुसरा बिघडल्यावर बहुधा दिव्यापलीकडे काही जाणवत नाही.

निदानाच्या बाबतीत घरचा पर्याय सरस ठरतो, अर्थात कोड नीट वाचण्याची तयारी असेल तर. गाडीच्या ओबीडी सॉकेटला (बिघाडाचे कोड वाचायच्या जोडणीला) लावायचे ब्लूटूथचे साधे अ‍ॅडाप्टर आणि फोनवरचे अ‍ॅप एवढ्यावर पुष्कळ कळते. इंजिन गरम झाल्यावर पहिल्या सेन्सरचा आलेख सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली होत राहिला पाहिजे, तर दुसऱ्याचा बराचसा स्थिर, साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास दिसला पाहिजे. (काही नव्या गाड्यांत पहिला सेन्सर वाइडबँड, म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण जास्त बारकाईने मोजणाऱ्या प्रकारचा असतो, त्याला हे आकडे लागू पडत नाहीत.) पी०१३५ आणि पी०१४१ हे कोड अनुक्रमे पहिल्या आणि दुसऱ्या सेन्सरच्या हीटर सर्किटचे आहेत. सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून आत हीटर दिलेला असतो. हा कोड आला तर आधी फ्यूज बघावा, मग कपलर (वायरींचा जोड) सोडवून हीटरच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटर लावावा. काही ओहमचा रोध दाखवण्याऐवजी सर्किट तुटल्याचे दिसले, तर सेन्सर गेला हे नक्की. पी०४२० आला तर मात्र थांबावे, कारण तो कोड कन्व्हर्टरची क्षमता घटल्याचे सांगतो आणि अशा वेळी दुसरा सेन्सर बदलून पैसे वाया जाण्याचीच शक्यता जास्त असते. सायलेन्सरच्या जोडातून हवा आत ओढली जात असेल तरी सेन्सर चुकीचा ‘लीन’ (इंधन कमी, हवा जास्त) संकेत देतो. गर्दीच्या गॅरेजमध्ये ‘सेन्सर टाकून बघू’ हे वाक्य फार सहज उच्चारले जाते, आणि त्या बघण्याचे बिल ग्राहकाच्याच नावावर फाटते.

प्रत्यक्ष खोल-जोड करताना पारडे फिरते. पहिला सेन्सर पुष्कळ गाड्यांत बॉनेट उघडताच मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या पहिल्या नळीवर) दिसतो, त्यामुळे वायरीसाठी खाच असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट आणि लांब दांडा हाताशी असेल तर काम अर्ध्या तासाचे आहे. दुसरा गाडीखाली असतो. तिथे जॅकवर भरवसा ठेवून आडवे होणे हा धोका आहे, स्टँड लागतोच, आणि कोकणपट्टीतल्या किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीचे आटे गंजून एकजीव झालेले असतात. गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्री मारून, इंजिन किंचित कोमट असताना प्रयत्न केला तर बहुतेक सेन्सर सुटतात. न सुटलेल्यावर जोर लावला तर पाइपातले १८ मिलिमीटरचे आटेच बाहेर येतात. गॅरेजवाल्याकडे रॅम्प किंवा खड्डा असतो, गरज पडली तर जोड तापवायला गॅस असतो, आणि आटे गेले तर ते पुन्हा पाडायचे टॅपही असते. दुसऱ्या सेन्सरसाठी मी निःसंकोच गॅरेजकडे बोट दाखवीन.

पैशांचा हिशेबही याच दिशेने जातो. आपल्याकडे मजुरी तुलनेने कमी असल्याने बिलातला मोठा भाग सेन्सरच्या किमतीचा असतो, त्यामुळे घरी केल्याने वाचणारी रक्कम माफकच राहते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांचे गणित उलटे आहे: तिथे मजुरी भारी पडते आणि व्ही-६ इंजिनाला बहुधा चार सेन्सर असतात. मात्र हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत गंजाची अडचण कोकणापेक्षाही वाईट असते.

घरी करण्याचा खरा लाभ कोणता भाग बसला याची खात्री असणे हा आहे. बॉश, डेन्सो किंवा एनटीके यांचा आपल्याच मॉडेलसाठीचा, मूळ कपलरसह येणारा सेन्सर घ्यावा. स्वस्त ‘युनिव्हर्सल’ सेन्सरच्या वायरी कापून जोडाव्या लागतात, आणि अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतूनच घेत असल्याने तिथे सोल्डर किंवा तेल गेले की नवा सेन्सरही चुकीचे आकडे देतो. गॅरेजमध्ये काम दिले तरी खोका आपल्यासमोर उघडायला सांगावा आणि जुना सेन्सर परत मागावा. त्याच्या टोकावर काळी काजळी असेल तर मिश्रणात इंधन जास्त जात आहे, पांढरा खरखरीत थर असेल तर कूलंट किंवा सिलिकॉन आत येत आहे. हे मूळ कारण दूर न करता बसवलेला नवा सेन्सरही लवकर मरतो.

बसवताना आट्यांना अँटी-सीझ (आटे पुढे चिकटून बसू नयेत म्हणून लावायचे वंगण) लावावे, पण टोकाला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. पुष्कळ नव्या सेन्सरवर ते आधीच लावलेले असते. टॉर्क (आवळण्याचा जोर) साधारण ३५ ते ४५ न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. कोड पुसल्यावर हीटरचा दोष शिल्लक असेल तर दिवा सहसा लवकरच परत येतो. कन्व्हर्टरची चाचणी पूर्ण व्हायला मात्र हायवे आणि शहर असे मिश्र चालवणे काही दिवस लागते, त्यामुळे तोवर दिवा बंद आहे म्हणून काम झाले असे धरू नये.