पावसाचे नकाशे: सुट्या प्रतिमा की एकच व्हिडिओ?

निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार छाटणीनंतर मोबाईलवर अंदाज उघडतो, तेव्हा त्याला एवढंच हवं असतं: आपल्याकडे पाऊस नेमका कधी? दर 3 तासांचा एक नकाशा धरला, तरी 5 दिवसांचे 40 होतात. अ‍ॅप बनवणाऱ्याने ते एकाच व्हिडिओत दाखवावेत, की सुट्या प्रतिमांत?

व्हिडिओ हलका असतो. लागोपाठच्या नकाशांतला फक्त बदल साठवला जात असल्याने शिवारातल्या कमजोर नेटवर्कवरही तो चालतो. पण कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे फाइल लहान करताना, रंगांच्या कडा पुसट होतात, आणि सर हलकी की जोरदार हे तर रंगावरूनच कळतं! फवारणीचा निर्णय त्यावरच असतो.

लॉसलेस वेबपी (तपशील न गमावता फाइल लहान करणारा प्रतिमा-प्रकार) वापरलेल्या सुट्या प्रतिमांत रंग शाबूत राहतात, हवा तो तास थेट उघडतो. मात्र सगळ्या एकदम उतरवू नका. 1000 बाय 1000 पिक्सेलची प्रतिमा फाइल म्हणून छोटी असली, तरी उलगडल्यावर मेमरीत सुमारे 4 एमबी घेते. 40 प्रतिमांचे 160 एमबी झाले की साधा फोन अडखळायला लागतो. चालू तासाच्या मागच्या-पुढच्या दोन-तीन आधी आणाव्यात, बाकीच्या स्लायडर सरकेल तशा. लांबच्या तासांच्या प्रतिमा मेमरीतून काढून टाकाव्यात.

बागायतदारासाठी मी सुट्या प्रतिमाच निवडेन. राज्याचा ओझरता आढावा दाखवायचा असेल, तर व्हिडिओ पुरे.