एच६१० सांगितलं, एच६१ दिलं: माझा 'आय-सेव्हन गेमिंग पीसी'चा अनुभव

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. दिवसभर जीएसटीची बिलं काढायची, हेच माझं काम. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या गोष्टीत याच माणसानं कच्च्या बिलावर ४६ हजार रुपये मोजलेत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

भाचा अकरावीला आहे. ताई-भावजी बार्शीला असतात, तो शिकायला आमच्याकडं. दहावीला बरे मार्क पाडलेस तर दिवाळीत गेमिंगचा कॉम्प्युटर, असा शब्द मी देऊन बसलो होतो आणि पोरानं मार्क पाडले. त्याची मागणी एकच. "मामा, तुम्ही फक्त आय-सेव्हन बघा. आय-थ्री बिय-थ्री नको, वर्गात हसतात." ही इंटेलच्या प्रोसेसरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूची नावं. मलाही ते पटलं. सात म्हणजे तिनापेक्षा जास्तच की. इतकंच माझं ज्ञान.

दुकानाचं नाव लिहीत नाही. मिटवताना तसं ठरलंय, आणि खरं सांगायचं तर असं दुकान सोलापुरात एकच आहे असं मला वाटत नाही. मालक बोलायला गोड. व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन पाठवलं: कोअर आय-सेव्हन, एच६१० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट, एसएमपीएस, सगळं मिळून ४६ हजार. (बोर्ड म्हणजे ज्यावर प्रोसेसर, रॅम, कार्ड बसतं ती पाटी; एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा.) भाच्यानं फोन हातात घेऊन विचारलं, "बारावी जनरेशन ना?" पलीकडून उत्तर आलं, "एच६१० बोर्ड म्हटल्यावर बारावीच की!"

इथंच मला शंका यायला हवी होती. बाराव्या पिढीच्या आय-सेव्हनला एकट्यालाच वीस हजारांच्या वर मोजावे लागतात, मग उरलेल्या पैशांत बाकीचं सगळं बसतंय कसं? सुताच्या भावात किलोमागं दोन रुपये कमी दिसले तर मी दहा फोन करतो. इथं एकही केला नाही.

दुकानात गेलो तेव्हा मालकानं ग्राफिक्स कार्डाचं खोकं समोर ठेवलं. "मालक, सील तुमच्या हातानं फोडा. नंतर बोलायला नको." भाच्यानं थरथरत्या हातानं सील फोडलं. कार्ड कोरं करकरीत, वॉरंटी कार्ड आत. त्या एका खोक्यानं आमचे डोळे बांधले. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅमची खोकी कुठंयत, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. "संध्याकाळी या, असेंबल करून ठेवतो." आणि बिलाचं काय? "पक्कं केलं तर वर १८ टक्के लागतील, कशाला उगाच? कच्च्यात करू, वॉरंटी माझी." मी मान डोलावली. नशीब इतकंच की पैसे रोख न देता यूपीआयनं दिले.

संध्याकाळी कॅबिनेट मिळालं. एका बाजूला काच, आत तीन पंखे, निळे-जांभळे दिवे. काचेतून दिवे दिसत होते, बाकी काही दिसत नव्हतं.

रात्री भाच्यानं व्हॅलोरंट हा खेळ टाकला. उघडेना. स्क्रीनवर एरर, 'व्हॅन ९००१'. दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला तर म्हणे, विंडोज ११ चा प्रॉब्लेम आहे, १० टाकून देतो. तेव्हा कळलं नाही, आता सांगतो. विंडोज ११ वर हा खेळ टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असल्याशिवाय उघडतच नाही. मायक्रोसॉफ्टच्या नियमानं इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाहीत. आमच्यावर ते आडमार्गानं चढवलेलं होतं. म्हणजे खेळ न उघडणं हीच पहिली साक्ष होती, आणि दुकानदारानं ती साक्ष पुसून टाकायला आमच्याकडूनच संमती घेतली. वर विंडोज १० टाकून दिलं तेही ज्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे त्या दिवाळीच्या आठवडाभर आधीच, संपला होता.

व्हॅलोरंट मग कसंबसं चाललं. खरी रडारड सायबरपंक २०७७ या खेळाची. गाडी मोकळ्या रस्त्यावर असली की ठीक. बाजारात शिरली, चहूकडं माणसं दिसायला लागली की चित्र अडखळायचं. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ३५ वरून घसरत १२-१५ वर. पोरगं बिचारं सेटिंग कमी कमी करत गेलं. हाय, मीडियम, लो. शेवटी सगळं मातीसारखं दिसायला लागलं तरी बाजारात तेच ३५ आणि तेच १२. मी म्हटलं, कार्डच खराब असेल. दुकानदारही तेच म्हणाला, "कार्ड कंपनीकडं पाठवून देतो, महिना लागेल." म्हणजे या सगळ्यात जी एकच वस्तू नवी आणि अस्सल होती, तीच आम्ही परत पाठवणार होतो.

वाचवलं ते शाळेतल्या एका मित्रानं. तो मागावर नक्षी काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जकार्डची दुरुस्ती करतो. रविवारी कडक भाकरी-शेंगाचटणी खायला आला आणि भाच्याचं तोंड पडलेलं बघून कॉम्प्युटरपुढं बसला. एएमडीच्याच सॉफ्टवेअरमधून त्यानं खेळाच्या कोपऱ्यात आकडे लावले. बाजारात शिरल्यावर प्रोसेसर ९८-१०० टक्के, कार्ड ४५ टक्के. मग रिझोल्यूशन, म्हणजे चित्राची बारकाई, १०८० वरून ७२० वर आणलं. कार्डाचं काम एका फटक्यात निम्म्याहून खाली आलं, पण एफपीएस ३४ चे झाले ३५. "बघ की. कार्डाला कामच नाही. कार्ड बसून आहे बे तुझं."

मला कळेना. तेव्हा त्यानं मागाचीच गोष्ट सांगितली, आणि ती मला जन्मात विसरता येणार नाही. माझी आई कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. मागावर इकडून तिकडं सूत नेणारा धोटा कितीही जोरात पळू दे, कांड्या भरून आल्या नाहीत तर माग उभा राहतो. इथं प्रोसेसर कांड्या भरतो. कोणता माणूस कुठं चालला, गोळी कुठं लागली, गाडी आपटली तर काय होईल, हा सगळा हिशेब करून 'आता हे हे काढ' असं तो कार्डाला सांगतो. मग कार्ड चित्र काढतं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसरलाच एका चित्राच्या तयारीला ३० मिलिसेकंद लागत असतील, तर कार्ड लाखाचं लावा नाहीतर दहा हजारांचं, ३३ च्या वर जायचं नाही. रिझोल्यूशन कमी केल्यानं कार्डाचं ओझं हलकं होतं, प्रोसेसरचं होत नाही. आणि गर्दी म्हणजे प्रोसेसरचं मरण. गड्ड्याच्या जत्रेत गाडी घातल्यासारखं.

"पण आय-सेव्हन आहे ना," भाचा म्हणाला. मित्रानं टास्क मॅनेजर उघडला. नाव आलं: कोअर आय-सेव्हन २६००. रॅमचा वेग: १३३३. तो हसायला लागला, मग आमचे चेहरे बघून थांबला. "येड्यात काढलंय बे तुम्हाला. हा २०११ चा आहे."

इंटेलच्या या नावांत आय-सेव्हननंतरचा आकडा बघायचा असतो. २६०० म्हणजे दुसरी पिढी. १२७०० असता तर बारावी. भाचा २००९ चा; त्याच्याहून दोनच वर्षांनी धाकटा प्रोसेसर त्याच्या टेबलावर होता. जुन्या बाजारात दोन-तीन हजारांत मिळतो म्हणे. रॅमही जुन्या पिढीची, डीडीआर-थ्री. काच काढून पंख्याखाली टॉर्च मारली तर बोर्डावर छापलेलं होतं: एच६१.

मी खिशातून कच्चं बिल काढलं. पेनानं लिहिलेलं, 'एच६१'. व्हॉट्सअ‍ॅपवर एच६१०. एच६१ हा २०११ चा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप), एच६१० हा २०२२ चा. मधली अकरा वर्षं त्या एका शून्यात. दिवसभर आकडे तपासणाऱ्या माझ्या नजरेतून ते शून्य निसटलं, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं. आणि एक लक्षात ठेवा, एच६१ चे कोरे बोर्ड आजही बनून विकायला येतात. म्हणून 'बोर्ड नवीन आहे' हे दुकानदाराचं म्हणणं खोटं नसतंच. नवीन आहे, फक्त जुन्या काळातला आहे.

त्यात आमच्या कार्डाची आणखी एक भानगड होती. आरएक्स ६५०० एक्सटी लांबलचक स्लॉटमध्ये बसतं, पण वापरतं त्यातल्या चारच लेन, म्हणजे माहिती जायच्या वाटा. कंपनीनं हे लपवलेलं नाही, तपशिलात लिहिलेलं आहे. पीसीआय एक्सप्रेस म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता; त्याच्या ४.० पिढीच्या बोर्डावर चार लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती जाते. ३.० वर ४ जीबी. आमच्या प्रोसेसरच्या २.० वर फक्त २ जीबी. कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी, ती नव्या खेळांत लगेच भरते. भरली की उरलेलं कॉम्प्युटरच्या रॅममधून आणावं लागतं, आणि तेही या बोळातून. १२-१५ चे गचके होते ते बहुतेक याचेच. म्हणजे प्रोसेसर जुना होताच, पण या कार्डाची जोडी त्याच्याशी लावणं म्हणजे दोघांचीही वाट लावणं. सोळा लेनचं एखादं जुनं कार्डसुद्धा त्या बोर्डावर यापेक्षा सुखानं नांदलं असतं. दुकानदाराला हे ठाऊक नव्हतं, असं मी मानत नाही. पण त्याला खोकं फोडून दाखवायला काहीतरी नवं हवं होतं.

उलट्या बाजूनंही हाच धंदा चालतो, मित्रानं सांगितलं. प्रोसेसर बरा देतात आणि '२ जीबी ग्राफिक्स कार्ड' म्हणून जीटी ७१० बसवतात. ते बाहेर चित्र दाखवण्यापुरतं, खेळायला नाही. तिथं प्रोसेसर रिकामा बसतो आणि कार्ड घाम गाळतं.

बाराव्या दिवशी दुकानात गेलो. सगळं काढून ठेवलं: कोटेशनची छापील प्रत, यूपीआयची पावती, बोर्डाचा फोटो. मालक शांत. "तुम्ही आय-सेव्हन मागितला, मी आय-सेव्हन दिला. कोटेशनमध्ये बारावी जनरेशन कुठं लिहिलंय?" खरंच लिहिलेलं नव्हतं! तोंडी होतं. पण एच६१० लिहिलेलं होतं, आणि एच६१० वर दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर बसतच नाही, प्रोसेसर बसायची जागा, म्हणजे सॉकेटच वेगळं. मित्रानं हे मला पढवून पाठवलं होतं. तिथं मालक पहिल्यांदा गप्प झाला. मग मी सांगितलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जुना माल नवा म्हणून विकणं आणि बिल न देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. बिलावर मुदत लिहिली नसेल तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घ्यायचं नाकारणंही त्यातच येतं. ५ लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार आधीच नोंदवली होती, तो नंबर त्याच्या समोर ठेवला. कच्च्या बिलाचा विषय मी काढला नाही. काढला असता तर माझंही तोंड काळं झालं असतं.

दोन चकरा आणखी झाल्या. शेवटी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम परत घेऊन १७ हजार देतो म्हणाला. मी घेतले. आयोगात लढलो असतो तर कदाचित जास्त मिळाले असते, पण भाच्याची सहामाही उरकून दिवाळीची सुट्टीही संपत आली होती आणि मी थकलो होतो.

दुसऱ्या दुकानातून, पक्क्या बिलावर, प्रत्येक वस्तूचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घेऊन, आय-थ्री १२१०० एफ, खराखुरा एच६१० बोर्ड आणि डीडीआर-फोर रॅम घेतली. होय, आय-थ्री. कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात, तितकेच, चार. थ्रेडही (एकाच वेळी चालणारी कामं) तितकेच, आठ. कार्ड तेच, एसएमपीएस तोच. त्याच बाजारात आता मीडियमवर एफपीएस ६० च्या आसपास आणि कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर. पैसे देण्याआधी दुकानातच सीपीयू-झेड हे आतली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून नाव, बोर्ड आणि रॅम बिलाशी ताडून पाहिली. दुकानदाराला राग आला नाही. ज्याला येईल, त्याच्याकडून घेऊ नका.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. भाच्याला खेळ रेकॉर्ड करून टाकायचे होते, आणि या कार्डात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे रेकॉर्डिंगचं काम करणारा भागच नाही. तो भार प्रोसेसरवर पडतो. याचा दोष त्या पहिल्या दुकानदाराला देता येत नाही, आम्हीच बघितलं नाही.

पैसे घ्यायला गेलो त्या दिवशी त्या पहिल्या दुकानदारानं जुना प्रोसेसर माझ्या हातातून घेतला, वरची वाळलेली पेस्ट फडक्यानं पुसली, प्लास्टिकच्या डबीत ठेवला आणि काउंटरवरच्या पोराकडं सरकवला. "पुढच्या कपाटात ठेव रे," तो म्हणाला, "आय-सेव्हन आहे."