चाळिसाव्या नावाचा हिशेब : ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’चे परीक्षण

‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ या संगणकीय खेळात आपण चेंडू टोलवत नाही, संघ चालवतो. मार्कुस हाइन्सोन या जर्मन प्रोग्रामरने १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली ही मालिका आता दरवर्षी साधारण मार्च महिन्यात नव्या आवृत्तीसह येते. २०१५च्या आवृत्तीपासून तिच्याकडे मेजर लीग बेसबॉलचा, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेचा, अधिकृत परवाना आहे, आणि २०२०मध्ये ती बनवणारी कंपनी ‘कॉमटूअस’ या दक्षिण कोरियन कंपनीच्या मालकीची झाली. या परीक्षणात मी हा खेळ एकाच बाजूने तपासणार आहे. हंगाम संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, संघाच्या यादीच्या तळाशी असलेल्या चार-पाच खेळाडूंचे काय करायचे, हा प्रश्न हा खेळ किती खरेपणाने समोर ठेवतो, एवढेच मला पाहायचे आहे. माझ्या मते या खेळाचे मोल तिथेच ठरते.

मराठवाड्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ आहेत. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी या भागांत ते खेळणारी आणि शिकवणारी मंडळी आहेत. जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या निवड चाचणीच्या वेळी ज्यांनी पालकांचे चेहरे पाहिले आहेत, त्यांना ठाऊक आहे की पहिल्या नऊ नावांवर कोणाचेच भांडण नसते. वाद होतो तो शेवटच्या दोन-तीन नावांवर. शासकीय नोकरीतील पाच टक्के क्रीडा आरक्षणामुळे खेळाच्या प्रमाणपत्राला किती महत्त्व आले आहे, हे लक्षात घेतले की यादीतील शेवटच्या नावाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या शहरात विद्यापीठ परिसरातील मैदानावर सराव घेणारे आम्ही काही जण हिवाळ्यात अमेरिकेतील संघांच्या अशाच बारीक हालचालींवर तासन् तास बोलतो. न्यूयॉर्कमध्ये दुपारचे चार वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे अडीच वाजलेले असतात, त्यामुळे रात्रीत कोणता संघ कोणाला सोडून बसला ते सकाळी कळते आणि संध्याकाळी त्यावर चर्चा रंगते. हा खेळ आमच्यात आला तो या चर्चेमुळे.

आधी मूळ नियम समजून घ्यायला हवेत, कारण त्यांच्याशिवाय खेळातील एकही पडदा उलगडत नाही. मेजर लीगच्या प्रत्येक संघाची प्रत्यक्ष सामन्यासाठीची यादी २६ खेळाडूंची असते आणि तिच्याभोवती ४० जणांची मोठी यादी असते. या ४० जणांपैकी जे २६ मध्ये नसतात त्यांना खालच्या, म्हणजे मायनर लीगच्या संघात ठेवता येते, पण त्यासाठी खेळाडूकडे ‘ऑप्शन’, म्हणजे त्याला खाली पाठवण्याची मुभा, शिल्लक असावा लागतो. एका खेळाडूला साधारणपणे तीन हंगामांचे ऑप्शन असतात. एखाद्या हंगामात तो वीस किंवा अधिक दिवस खाली राहिला की त्यातील एक खर्च होतो. २०२२च्या करारानंतर एका हंगामात एकाच खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा असे खाली पाठवता येत नाही. ऑप्शन संपलेल्या खेळाडूला खाली धाडायचे तर आधी त्याला ‘वेव्हर’वर ठेवावे लागते, म्हणजे इतर सर्व संघांना तो उचलण्याची संधी द्यावी लागते, आणि ती संधी तळाच्या संघांना आधी मिळते. ४० जणांत जागा करण्यासाठी कोणाला बाजूला काढले, तर सात दिवसांत त्याची अदलाबदल करायची, त्याला वेव्हरमधून पार करायचे किंवा मोकळे करायचे, असे बंधन असते.

हिवाळ्यात याला आणखी एक पेच जोडला जातो. दीर्घ दुखापतीच्या, म्हणजे साठ दिवसांच्या यादीतील खेळाडू हंगामात ४० मध्ये मोजले जात नाहीत. वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, संपल्यावर मात्र काही दिवसांतच ती यादी बंद होते आणि ते सगळे परत ४० मध्ये येऊन बसतात. ज्या संघाचे चार-पाच पिचर (चेंडू टाकणारे) शस्त्रक्रियेनंतर विश्रांतीवर आहेत, त्याला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच तेवढ्या जणांना निरोप द्यावा लागतो. सर्वसामान्य प्रेक्षकाला ही हालचाल किरकोळ वाटते. मला ती वर्षभरातील सर्वांत बोलकी हालचाल वाटते, कारण संघाने कोणाला राखले त्यापेक्षा कोणाला सोडले यावरून त्या संघाचा विचार जास्त स्पष्ट दिसतो.

या कसोटीवर हा खेळ उत्तम उतरतो. ४० जणांची यादी, शिल्लक ऑप्शन, सेवाकाळ (मेजर लीगमध्ये घालवलेला काळ), वेव्हर, दुखापतींच्या याद्या हे सगळे त्यात आहे, आणि ते शोभेसाठी ठेवलेले नाही. प्रत्येक निर्णय पुढच्या निर्णयाचा रस्ता अडवतो किंवा मोकळा करतो. समजा, तिसरा कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) आणि डावखुरा राखीव पिचर यांपैकी एकच ठेवायचा आहे. पिचरचे आकडे चांगले आहेत, पण त्याचे ऑप्शन संपले आहेत. कॅचर सामान्य आहे, पण त्याला अजून दोन वर्षे खाली-वर करता येते. आमच्यातील एक तरुण प्रशिक्षक अशा वेळी नेहमी एकच मुद्दा मांडतो, “सर, ऑप्शन संपलेल्या पोराला आधी बघा, बाकीची पोरं कुठं जात नाहीत.” त्याचे म्हणणे बऱ्याचदा पटते, पण सर्वत्र लागू होत नाही. कॅचर ही अशी जागा आहे की दुसरा जखमी झाला की तिसरा बाजारात मिळत नाही, आणि जो मिळतो त्याला आपल्या पिचरांची सवय नसते. हा वाद तोंडी राहिला तर अखेर ज्याचा आवाज मोठा त्याचा शब्द खरा ठरतो. खेळात मात्र दोन्ही पर्याय वेगवेगळे जतन करून पुढचा हंगाम चालवून पाहता येतो. त्यातून सिद्ध काही होत नाही, कारण नशिबाचा भाग दोन्हीकडे असतो. तरी वाद कशावर आहे हे नेमके कळते, आणि माझ्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे.

‘रूल फाइव्ह’ निवडीचा भाग मला सर्वांत समाधान देणारा वाटला. अठरा किंवा त्यापेक्षा कमी वयात करारबद्ध झालेला खेळाडू पाच हंगामांनंतर, आणि त्याहून मोठ्या वयात आलेला चार हंगामांनंतर, ४० मध्ये घेतला गेला नसेल तर डिसेंबरमध्ये दुसरा संघ त्याला एक लाख डॉलर भरून उचलू शकतो. अट अशी की पुढचा संपूर्ण हंगाम त्याला २६ मध्ये ठेवायचे. जमले नाही तर पन्नास हजार डॉलर घेऊन मूळ संघाला तो परत मागता येतो. या प्रकारच्या निवडीतील सर्वांत प्रसिद्ध नाव रोबेर्तो क्लेमेंते यांचे आहे. त्या काळचे नियम वेगळे होते, पण तत्त्व हेच होते : १९५४मध्ये डॉजर्स या संघाने त्यांना करारबद्ध करून माँट्रियलच्या मायनर लीग संघात ठेवले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना उचलले. पुढे त्यांनी पिट्सबर्गसाठीच बरोबर ३,००० हिट (यशस्वी टोले) पूर्ण केले. संगणकाच्या पडद्यावर वीस-एकवीस वर्षांच्या, अद्याप कच्च्या आउटफिल्डरला (दूरच्या क्षेत्ररक्षकाला) ४० मध्ये घेऊन संरक्षण द्यायचे की नाही हे ठरवताना ही गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही, आणि खेळ तो ताण पूर्णपणे जाणवू देतो, कारण खेळाडूची क्षमता तुम्हाला थेट दिसत नाही. दिसतो तो तुमच्या निरीक्षकाचा अंदाज, तोही वीस ते ऐंशी या मोजपट्टीवर. निरीक्षणावर कमी पैसा लावला की अंदाज धूसर होतो.

खेळाडूंच्या घडण्या-बिघडण्यात अनिश्चितता राखली आहे, हेही योग्यच आहे. ती किती असावी हे सेटिंगमध्ये बदलता येते, परंतु मी ती मूळ पातळीवरच ठेवण्याचा आग्रह धरीन. प्रत्यक्षात मॅक्स मन्सीला २०१७च्या वसंतात ओकलंडने मोकळे केले, डॉजर्सनी त्याच्याशी मायनर लीगचा करार केला आणि २०१८मध्ये त्याने ३५ होमरन (मैदानाबाहेरचे टोले) मारले. जस्टिन टर्नरला न्यूयॉर्क मेट्स या संघाने २०१३च्या अखेरीस करार न देता सोडले. तोही डॉजर्सकडे मायनर लीगच्या करारावर आला आणि २०१७च्या नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम मालिकेत सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला सहकाऱ्यासोबत विभागून मिळाला. होसे बाउटिस्टा २००४च्या एका वर्षात पाच संघांच्या याद्यांमधून फिरला आणि २०१०मध्ये टोरांटोसाठी त्याने ५४ होमरन केले. अशी उदाहरणे थोडी असतात, म्हणूनच ती लक्षात राहतात. सोडलेल्या शंभरातील बहुतेक जण पुन्हा दिसत नाहीत. खेळानेही हे प्रमाण जपले आहे : प्रत्येक कोपऱ्यात हिरा सापडत नाही, आणि सापडला तर आनंद खरा वाटतो.

मर्यादाही सांगायला हव्यात. संगणकाने चालवलेले संघ अदलाबदलीच्या वेळी किती कठोर वागतील हे ठरवण्याची सोय आहे, आणि ती कठोर बाजूला सरकवली नाही तर दोन सामान्य खेळाडू देऊन एक चांगला घेण्याचे सौदे फार सहज जुळतात. मग यादीच्या तळाला काही अर्थ उरत नाही. पडद्यावर माहितीची गर्दी आहे. मराठी किंवा हिंदी नाही, त्यामुळे बेसबॉल उत्तम समजणाऱ्या पण इंग्रजीची सवय नसलेल्या आमच्या कित्येक खेळाडूंना तो एकट्याने खेळता येणार नाही. शेजारी जाणकार बसलेला असावा लागतो. ‘परफेक्ट टीम’ हा खेळाडूंची कार्डे जमवण्याचा प्रकार इंटरनेटवर चालतो आणि त्यात खरे पैसे खर्च करता येतात. विद्यार्थ्यांनी त्याच्यापासून दूर राहावे, असे मी स्पष्टपणे सांगेन.

याहून खोल उणीव एक आहे. ऑलिव्हर ड्रेक हा पिचर २०१८मध्ये मिलवॉकी, क्लीव्हलंड, एंजल्स, टोरांटो आणि मिनेसोटा अशा पाच संघांकडून खेळला. एका हंगामात मेजर लीगच्या पाच संघांकडून खेळणारा तो पहिलाच. हंगाम संपल्यावरही त्याचे वेव्हरचे फेरे थांबले नाहीत, आणि अखेर पुढच्या वर्षी तो टॅम्पा बेसाठी चांगला खेळला. पाच शहरांत घर शोधणे, पाच कॅचरांशी खुणा जुळवणे, दर वेळी कोणीतरी आपल्याला नको म्हटले आहे हे मनात घेऊन नव्या मैदानावर उतरणे, यातले फारच थोडे या खेळात येते. खेळाडूचे मनोबल दाखवणारी सोय आहे, तरी माणसाला उपटून पुन्हा रोवण्याची किंमत तिच्यातून पुरेशी उमटत नाही. निवड समितीवर बसणाऱ्या माणसाने ही उणीव स्वतःच्या समजुतीने भरून काढली पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्यातील वगळलेला मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने सायकलवर समोर येतो.

घ्यावा की नाही, याचे माझे उत्तर होकारार्थी आहे. एकट्याने खेळायच्या मुख्य भागाला सतत इंटरनेट लागत नाही, आणि सामन्याची त्रिमितीय दृश्ये बंद ठेवली तर साध्या लॅपटॉपवरही तो चालतो, त्यामुळे वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसलेल्या तालुक्याच्या गावीही अडचण येत नाही. दरवर्षी नवी आवृत्ती घेण्याची गरज नाही. चालू याद्यांचा आग्रह नसेल तर एक-दोन वर्षे जुनी आवृत्ती सवलतीत घेणे शहाणपणाचे ठरेल. सुरुवात करताना मोठा, पैसेवाला संघ घेऊ नये. पिट्सबर्ग किंवा टॅम्पा बे यांसारखा हात राखून खर्च करणारा संघ निवडावा, पहिला हंगाम संगणकाला चालवू द्यावा, वर्ल्ड सिरीज संपताच सूत्रे आपल्या हाती घ्यावीत, ४० जणांची यादी ऑप्शनच्या रकान्यानुसार लावावी आणि ज्यांच्यापुढे शून्य आहे त्यांच्यापासून विचार सुरू करावा.