इफेसस बघायला जाल तर बंदरापर्यंत नजर जाऊ द्या

कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये पॉसिडॉनची काशाची मूर्ती आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली, उंची वीतभरही नाही. सहावीत असताना ती पहिल्यांदा पाहिली. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी आला तो रोमन व्यापारातून, असं सरांनी सांगितलं होतं. पुढे पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नोकरी झाली, पण ज्या बंदरांतून तो व्यापार चालायचा त्यातलं एखादं तरी बघायचं, हे डोक्यातून गेलं नाही. या मे महिन्यात आम्ही दोघं तुर्कस्तानला गेलो आणि इफेसस हे ग्रीक-रोमन काळातलं, आता अवशेष उरलेलं बंदराचं शहर पाहिलं. एकदा नव्हे, दोनदा.

दोनदा बघावं लागलं, कारण पहिल्या दिवशी आमच्या टूर कंपनीने या शहराला दीड तास दिला आणि नंतर चामड्याच्या जॅकेटांच्या दुकानात पावणेदोन तास बसवलं. मला त्याचा फार राग आला. दुसऱ्या दिवशी मंडळी समुद्रकाठच्या कुशादासी गावी आराम करत होती. आम्ही दोलमुश पकडली (आपली वडापच, हात केला की थांबते), इफेससच्या शेजारचं सेल्चुक गाव गाठलं आणि तिथून टॅक्सीने वरच्या फाटकाशी उतरलो. तिकीट पुन्हा काढलं, माणशी ४० युरो. महाग आहे, पण मला त्याची खंत नाही.

वरच्या फाटकानेच आत जा. सगळा रस्ता उताराचा असल्याने गुडघे दुखणाऱ्यांना सोपं जातं. संगमरवर मात्र पायांनी घासून गुळगुळीत झालाय, चांगल्या तळव्याचे बूट हवेत. सावली जवळजवळ नाहीच. आठ वाजता आत शिरा.

आत गेल्यागेल्या लोक फोटोसाठी खांबांकडे धावतात. मी थांबलो तो भाजलेल्या मातीच्या पाइपांपाशी. एकाचं तोंड निमुळतं, ते दुसऱ्याच्या पोटात बसतं. आतून क्षाराचा जाड थर चढलेला. आमच्या जुन्या लाइनी उकरल्या की अगदी असंच दिसायचं, मी कितीतरी वेळ तिथे बसून होतो. डोंगरातलं पाणी कालव्यांनी आणून हौदांत, कारंज्यांत, हमामांत खेळवलेलं होतं. क्युरेटिस या मुख्य रस्त्याच्या फरसबंदीखालून गटार जातं. सार्वजनिक शौचालयात भिंतीला लागून संगमरवरी बैठका, त्यांच्याखाली वाहता पाट आणि पायांपुढे स्वच्छ पाण्याची बारीक पन्हळ. मंडळी तिथे हसून पुढे जातात. मला तो या शहराचा सगळ्यात सुज्ञ भाग वाटला.

सेल्ससचं ग्रंथालय फोटोत असतं त्याहून भव्य आहे. रोमन सिनेटर सेल्ससच्या स्मरणार्थ त्याचा मुलगा अक्विला याने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ते बांधायला घेतलं. बापाची कबर इमारतीच्या खालीच आहे. आज उभा दिसतो तो दर्शनी भाग पडलेल्या दगडांतून ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी १९७० ते १९७८ मध्ये पुन्हा रचला. कोनाड्यांतल्या चार स्त्रीमूर्ती प्रतिकृती आहेत, मूळ मूर्ती व्हिएन्नात. आत जाऊन भिंत नीट बघा, ती दुहेरी आहे. ओल ग्रंथांच्या गुंडाळ्यांपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये पोकळी ठेवलीय. तोंड पूर्वेला, म्हणून सकाळचं ऊन थेट आत येतं.

टेरेस हाउसेसचं तिकीट वेगळं असतं आणि बरेच जण ते टाळतात. टाळू नका. डोंगरउतारावरची श्रीमंतांची घरं, वर मोठं छप्पर, खाली भित्तिचित्रं, मोझेक आणि टेबलांवर मांडलेले संगमरवराचे हजारो तुकडे, एकेक जुळवायचं काम चाललेलं. पायऱ्या मात्र बऱ्याच आहेत. ही म्हणाली, "अहो, तुम्ही बघून या, मी खाली बसते." तिला एकटीला बसवायचं जिवावर आलं, पण परत येऊन फोटो दाखवले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. सुमारे पंचवीस हजार प्रेक्षकांचं मोठं नाट्यगृह लागेल. तिथे फोटो काढून निघू नका. पायऱ्यांवर बसा आणि समोर पाहा. पाचशे मीटरहून लांब, सरळसोट फरसबंद रस्ता निघतो आणि झुडपांत, बोरूच्या दलदलीत संपतो. तेच बंदर. जहाजातून उतरलेला माणूस याच रस्त्याने शहरात यायचा, रात्री इथे दिवे असायचे. आज समुद्र तिथून पाच किलोमीटरहून लांब आहे.

कारण गाळ. केस्टर नदी डोंगरातली माती आणून खाडीत टाकत राहिली. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की पर्गमॉनचा राजा दुसरा अटॅलस याला वाटलं, बंदराचं रुंद तोंड बांध घालून अरुंद केलं तर आत खोली मिळेल. झालं उलटंच. आधी भरती-ओहोटी थोडा गाळ बाहेर ओढून न्यायची, बांधाने तो आतच अडकला. त्यानंतर रोमन अधिकारी उपसत राहिले. सम्राट नीरोच्या काळात बरेआ सोरानसने बंदर मोकळं केलं. दुसऱ्या शतकातल्या एका शिलालेखात तर धक्क्यावर दगड कापायला मनाई आहे, कारण त्याचा भुगा पाण्यात पडून तळ वर येत होता. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. नदीत राडारोडा टाकू नका, अशा नोटिसा मी स्वतःच्या सहीने काढल्या आहेत.

आमच्या गाइडने बंदर हा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता. त्याशिवाय हे शहर अर्धंच कळतं. वैभव जिथून आलं आणि ज्याच्यामुळे गेलं, ती जागा त्या रस्त्याच्या टोकाला आहे.

खालच्या फाटकातून बाहेर पडलात की सेल्चुकचं म्युझियम उरकू नका, तिथल्या आर्टेमिस या ग्रीक देवीच्या दोन मूर्तींसाठी तासभर ठेवा. तिचं देऊळ, प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांपैकी एक, गावाच्या कडेलाच आहे. आता एकच जोडलेला खांब उभा आहे, वर करकोच्याचं घरटं. आम्ही गेलो तेव्हा खाली पाणी साचलेलं होतं. ही काठावर बसली, पाय मोकळे केले, आणि आम्ही डब्यातल्या दशम्या तिथेच खाल्ल्या.